जर्मन गिऱ्हाईक ‘आयबॅन’ मागतंय, आपल्या खात्याला तो नसतो. फॉर्ममध्ये भरायचं काय?

उद्यमबाग_टर्निंग

नमस्कार मंडळी. हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे स्पूल आणि बुश करणारं लहान युनिट आहे, प्रोप्रायटरशिप. जर्मनीतल्या एका कंपनीची नमुना ऑर्डर आहे, ४,८०० युरोची, निम्मे पैसे ॲडव्हान्स. त्यांच्या अकाउंट्सवाल्यांनी व्हेंडर फॉर्म पाठवलाय आणि त्यात आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) व बीआयसी (बँकेचा आंतरराष्ट्रीय ओळख कोड, म्हणजेच स्विफ्ट) ही दोन घरं भरल्याशिवाय तो सबमिटच होत नाही. करंट खातं इथल्या एका सहकारी बँकेत आहे. शिवाय मालकाच्या नावाचं सेव्हिंग खातं पूर्वीच्या सिंडिकेट बँकेत, म्हणजे आता कॅनरात.

विचारायचं ते असं. नेटवर ‘आयबॅन जनरेटर’ आहेत, आयएफएससी आणि खाते क्रमांक टाकला की ‘आयएन’ने सुरू होणारा नंबर काढून देतात, तो चालतो का? सहकारी बँकेला स्वतःचा स्विफ्ट कोड नाही, पण तिचा आयएफएससी एका मोठ्या खासगी बँकेच्या अक्षरांनी सुरू होतो; मग त्या मोठ्या बँकेचा स्विफ्ट दिला तर? आणि ४,८०० चे ४,८०० खात्यात पडावेत यासाठी गिऱ्हाइकाला नेमकं काय सांगायचं?

कॅम्प_फॉरेक्स

जनरेटरचा नंबर अजिबात देऊ नका. आयबॅनची जी आंतरराष्ट्रीय नोंदणी आहे तिच्यात भारत नाही, त्यामुळे ‘आयएन’ने सुरू होणारा खरा आयबॅन कुठल्याच खात्याला नाही. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, चीन, जपान यांचंही तसंच आहे. जर्मन कंपनीला हे ठाऊक असतं, फक्त फॉर्म बनवताना युरोपातले पुरवठादार डोळ्यापुढे असतात.

जनरेटरचा नंबर ‘बरोबर’ का वाटतो तेही बघा, कारण लोक इथंच फसतात. आयबॅनमध्ये पहिली दोन अक्षरं देशाची, पुढचे दोन तपासणीचे आकडे, आणि मग त्या देशाच्या पद्धतीने बँक व खाते क्रमांक. लांबी देशागणिक ठरलेली: जर्मनी २२, यूएई २३, सौदी २४, फ्रान्स आणि इटली २७, जास्तीत जास्त ३४. जर्मनीत आठ आकडे बँकेचे आणि दहा खात्याचे. नमुना म्हणून सगळीकडे छापला जातो तो घ्या: डीई८९ ३७०४ ००४४ ०५३२ ०१३० ००. पहिली चार अक्षरं उचलून शेवटी न्यायची, अक्षरांच्या जागी आकडे घालायचे (ए म्हणजे १०, बी ११, असं करत झेड ३५, म्हणून डी १३, ई १४). तयार होतं ३७०४००४४०५३२०१३०००१३१४८९. याला ९७ ने भागलं की बाकी १ उरते. बाकी १ उरली की नंबर तपासणीत पास. टायपिंग करताना एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटेपालटे झाले तर हा हिशेब ते पकडतो. पण मधल्या आकड्यांचं खातं खरंच आहे का, हे त्याला कळत नाही. त्यामुळे कुठल्याही आकड्यांना तपासणीचे दोन आकडे जोडून ‘पास’ होणारा नंबर बनवता येतो, जनरेटर तेवढंच करतो. पुढे देशाच्या यादीत भारत नाही म्हणून सिस्टिम तो नाकारते, किंवा हाताने तपासणारा माणूस पेमेंट बाजूला काढून ठेवतो.

फॉर्मपुरतं करायचं ते एवढंच: अकाउंट्सला मेल टाका की भारतात आयबॅन नसतो, पैसे खाते क्रमांक आणि बीआयसीवर येतात, व्हेंडर मास्टरमध्ये (त्यांच्या पुरवठादार-यादीत) ‘नॉन-आयबॅन देश’ म्हणून नोंद करा. पैसे पाठवताना त्यांनी सेपा पेमेंट निवडू नये. सेपा ही युरोपातल्या युरोची व्यवस्था, ती आयबॅनवरच चालते. जर्मन बँकांत परदेशी पेमेंटसाठी ‘आउसलांड्स-यूबरवाइझुंग’ हा वेगळा पर्याय असतो, त्यात खाते क्रमांक आणि बीआयसी भरता येतो.

तुमच्याकडून जायची माहिती अशी: खात्याचं नाव बँकेत आहे तसंच, पूर्ण खाते क्रमांक (सुरुवातीची शून्यं न गाळता), बँकेचं नाव आणि शाखेचा पत्ता, बीआयसी म्हणजेच स्विफ्ट कोड, आणि युरोसाठी तुमच्या बँकेची करस्पाँडंट बँक (पैसे जिच्यातून येतात ती मधली बँक) कोणती तिचा बीआयसी. आयएफएससी परदेशी बँकेच्या कामाचा नाही, तरी इन्व्हॉइस नंबरासोबत संदेशाच्या ओळीत घाला. पैसे मुंबईच्या कार्यालयात आल्यावर ते कुठल्या शाखेचे हे ओळखायला इथल्या लोकांना त्याचा उपयोग होतो.

स्विफ्ट कोड आठ किंवा अकरा अक्षरांचा असतो. चार बँकेची, दोन देशाची, दोन ठिकाणाची, आणि असली तर शेवटची तीन शाखेची. ‘एसबीआयएन-आयएन-बीबी’ हा स्टेट बँकेचा आठ अक्षरी. शेवटी तीन एक्स असले तर तो मुख्य कार्यालयाचाच, आठ अक्षरी आणि तो एकच. प्रत्येक शाखेला वेगळा स्विफ्ट नसतो, बेळगावातल्या बहुतेक शाखांना तर नसतोच. त्यामुळे आठ अक्षरी कोड दिला म्हणून काही बिघडत नाही. मात्र तो शाखेकडून लेखी घ्या. नेटवरच्या याद्यांत विलीन झालेल्या बँकांचे मेलेले कोड अजून पडून आहेत.

आणखी एक चूक जपा, ही महागात पडते. बँकेच्या वेबसाइटवर ‘नॉस्ट्रो’ तपशील असतात, त्यात फ्रँकफर्टच्या एखाद्या बँकेतला डीईने सुरू होणारा खराखुरा आयबॅन दिसतो. लोकांना वाटतं, मिळाला आयबॅन, आणि तो फॉर्ममध्ये भरतात. ते खातं तुमच्या बँकेचं स्वतःचं आहे. गिऱ्हाइकाने त्यावर सेपाने पैसे टाकले तर ते बँकेच्या खात्यात जमा होतात, तुमचं नाव आणि खाते क्रमांक सोबत जातीलच असं नाही, आणि मुंबईत कुणीतरी ‘हे कुणाचे’ म्हणून शोधेपर्यंत ते तिथंच पडून राहतात किंवा परत जातात. नॉस्ट्रोचा नंबर मधल्या बँकेच्या घरात लिहायचा, लाभार्थ्याच्या घरात कधीही नाही.

अनगोळ_बँकवाला

सहकारी बँकेच्या मुद्द्यावर सविस्तर लिहितो. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात बराच धंदा सहकारी बँका आणि पतसंस्थांवर चालतो आणि हा प्रश्न वरचेवर येतो.

आयएफएससी ११ अक्षरांचा: चार बँकेची, पाचवं कायम शून्य, सहा शाखेची. लहान सहकारी बँक एनईएफटीत स्वतः थेट सदस्य नसेल तर ती एखाद्या मोठ्या बँकेची ‘सब-मेंबर’ असते. मग तिचा आयएफएससी त्या मोठ्या, म्हणजे स्पॉन्सर बँकेच्या चार अक्षरांनी सुरू होतो. पुण्याहून एनईएफटी केली की पैसे स्पॉन्सरकडे येतात, तिची सिस्टिम मागच्या सहा अक्षरांवरून ओळखते की हे अमुक सहकारी बँकेचे, आणि पुढे पाठवते. ही सोय देशातल्या पेमेंटसाठी आहे.

आता तुम्ही स्पॉन्सरचा स्विफ्ट आणि सहकारी बँकेतला खाते क्रमांक दिलात तर काय होतं? पैसे स्पॉन्सरच्या फॉरेक्स विभागात पोचतात. ते खाते क्रमांक आपल्या कोअर बँकिंगमध्ये शोधतात. तो तिथं नाही, कारण तुम्ही त्यांचे ग्राहकच नाही. केवायसी नाही, आयईसी (आयात-निर्यात कोड) नाही. पैसे परत जातात, आणि जाताना-येताना मधल्या बँकांनी कापलेले युरो कुणी भरून देत नाही. कधी कधी तर तेवढ्याच आकड्यांचं दुसऱ्याच कुणाचं खातं त्या मोठ्या बँकेत असतं, मग नाव जुळत नाही म्हणून चौकशी लागते.

परकीय चलनाचा पूर्ण व्यवहार रिझर्व्ह बँकेचा ‘एडी कॅटेगरी-१’ (एडी म्हणजे परकीय चलनाचा अधिकृत डीलर) परवाना असलेल्या बँकेतूनच होतो. काही मोठ्या सहकारी बँकांकडे तो परवाना आहे, बहुतेकांकडे नाही. मॅनेजरना थेट विचारा: ‘साहेब, एक्स्पोर्टचं इनवर्ड रेमिटन्स तुमच्या नावावर येतं का, आणि एडी कोड मिळतो का?’ दोन्हीला हो नसेल तर फर्मच्या नावाने एडी बँकेत करंट खातं उघडा. सहकारी बँकेत सीसी (कॅश क्रेडिट कर्ज) चालू असेल तर तिला आधी सांगून उघडा, नाहीतर पुढे ना-हरकतीवरून अडतं. पतसंस्थेत परदेशी पैसे येण्याचा प्रश्नच नाही, ती बँक नव्हे.

सिंडिकेटच्या खात्याबद्दल. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरात विलीन झाली आणि ‘एसवायएनबी’चे आयएफएससी १ जुलै २०२१ पासून बंद झाले. नवा काढायची रीत सोपी आहे: अक्षरं ‘सीएनआरबी’ झाली आणि शाखेच्या आकड्यात १०,००० मिळवले, म्हणजे ०००३६८७ चं ००१३६८७. सिंडिकेटचा जुना स्विफ्टही त्याच वेळी गेला. कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत आणि विजया बँक बँक ऑफ बडोदात गेली, त्यांच्या जुन्या चेकबुकांवरचे कोडही असेच बाद समजा. ग्रामीण बँकवाल्यांनी १ मे २०२५ नंतरचे तपशील शाखेत जाऊन घ्यावेत, कारण धारवाडची विकास ग्रामीण बँक आता बळ्ळारीला मुख्यालय असलेल्या कर्नाटक ग्रामीण बँकेत आली आहे.

पण ते सेव्हिंग खातं या कामाला वापरूच नका. एक्स्पोर्टचे पैसे फर्मच्या करंट खात्यातच यायला हवेत. सेव्हिंगमध्ये आले तर बँक ते अडवेल, आणि पुढे शिपिंग बिलाशी (निर्यातीच्या कस्टम कागदाशी) जुळवताना नाव वेगळं निघेल.

खातं उघडलं की लगेच १४ आकडी एडी कोडचं पत्र मागा आणि आईसगेटवर (कस्टमच्या पोर्टलवर) नोंदणी करा. ही नोंदणी बंदरागणिक असते. न्हावा शेवाला केली म्हणून बेंगळुरू विमानतळावरून पाठवलेल्या मालाला चालत नाही. नमुना विमानाने आणि पुढचा लॉट जहाजाने जाणार असेल तर दोन्ही ठिकाणी आधीच करून ठेवा. माल कस्टमला उभा असताना पत्रासाठी शाखेत धावाधाव करणं फार त्रासाचं होतं.

टिळकवाडी_सीए

वरच्या दोघांनी बरोबर सांगितलंय. नाव, कोड आणि कापाकापी यावर माझं लिहितो.

नाव: प्रोप्रायटरशिपमध्ये खातं फर्मच्या नावाने असतं आणि इन्व्हॉइसवर मालकाचं नाव ठळक असतं, तिथून गोंधळ सुरू होतो. लाभार्थी म्हणून खात्यावरचं नाव अक्षर न् अक्षर तेच द्या. आपल्या भागात आडनावांची इंग्रजी स्पेलिंगं दोन-दोन आहेत. चौगुले कुठं ‘ओयू’ने तर कुठं ‘ओडब्ल्यू’ने, कन्नड नोंदीवरून आलेल्या कागदावर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं. पॅन, आयईसी, जीएसटी आणि बँक या चारही ठिकाणी एकच स्पेलिंग हवं. ‘अँड’चं चिन्ह वापरू नका, शब्दच लिहा, कारण ते चिन्ह स्विफ्टच्या पारंपरिक अक्षरसंचात नाही आणि वाटेत गळू किंवा बदलू शकतं. पत्त्यात गाव, पिन आणि देश वेगवेगळ्या घरांत भरा. नोव्हेंबर २०२५ मध्ये बँकाबँकांतली पेमेंट नव्या आयएसओ २००२२ संदेशांवर गेली आहेत आणि नोव्हेंबर २०२६ पासून सगळा पत्ता एका पट्टीत कोंबलेला चालणार नाही. शहराचं नाव ‘बेळगावी’ असंच द्या, २०१४ पासून अधिकृत तेच आहे. बँकेच्या जुन्या नोंदीत ‘बेळगाम’ असेल तर केवायसी करताना बदलून घ्या.

पर्पज कोड (पैसे कशाचे ते सांगणारा): ॲडव्हान्स आला की पी०१०३, माल गेल्यावर बिलाचे पैसे कलेक्शनने आले की पी०१०२. हा कोड जर्मनने भरायचा नसतो. पैसे आले की तुमची बँक मेल किंवा फोन करते, तेव्हा इन्व्हॉइसची प्रत जोडून डिस्पोजलचं पत्र (पैसे कशाचे आणि कुठं जमा करायचे ते सांगणारं) तुम्ही द्यायचं. ते जाईपर्यंत पैसे बँकेच्या सामाईक खात्यात बसून असतात, आणि गिऱ्हाइकाला मात्र ‘पोचले’ असं दिसतं. निम्मं काम इथंच रखडतं. त्याच पत्रात दर कुठला लावणार ते विचारा. शाखेचा छापील कार्ड रेट आणि ट्रेझरीकडून मागवलेला दर यांत फरक असतो, मागितल्याशिवाय तो कुणी देत नाही. युरो लगेच रुपयांत नको असतील तर ईईएफसी (निर्यातदाराचं परकीय चलनातलं) खातं काढता येतं. त्यात पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत ते ठेवता येतात, नंतर रुपयांत आणावे लागतात.

कापाकापी: पाठवणाऱ्याला तीन पर्याय असतात. ‘अवर’ म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, ‘शा’ म्हणजे दोघांत वाटून, ‘बेन’ म्हणजे सगळा तुमचा. काही सांगितलं नाही तर बहुधा ‘शा’ लागतो आणि मधली बँक रकमेतून कापते. ४,८०० पुरे हवे असतील तर ‘अवर’ हे पर्चेस ऑर्डरमध्येच लिहून घ्या. तरी तुमची बँक तिचं चलन बदलण्याचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी रुपयांत घेतेच, तो वेगळा. एवढं करूनही काही युरो कमी आले, तर शिपिंग बिल जुळवताना ती तूट ‘परदेशी बँक खर्च’ म्हणून ईडीपीएमएसमध्ये (निर्यातीचे पैसे जुळवायच्या रिझर्व्ह बँकेच्या सिस्टिममध्ये) दाखवायला सांगा. न सांगितल्यास पंधरा-वीस युरोसाठी बिल उघडं राहतं आणि पुढच्या वेळी बँक त्यावर बोट ठेवते.

पैसे जमा झाले की एफआयआरए, म्हणजे परकीय रक्कम आल्याचा दाखला, त्याच आठवड्यात मागून घ्या. वर्षअखेरीला एकदम मागितला तर शाखेत कुणाला वेळ नसतो.

हलशी_खानापूर

थोडं विषयांतर, पण याच धाग्यात बसतं म्हणून. धाकटा भाऊ शारजाला आहे. तिथून घरी पैसे पाठवताना एक्स्चेंजवाला आयबॅन मागत नाही, आणि इकडून कधी त्याला पाठवायचे झाले तर मात्र आयबॅन लागतोच म्हणतात. असं का?

कॅम्प_फॉरेक्स

दोन्ही बरोबर आहे, अण्णा. आखातातली एक्स्चेंज हाऊसं भारतीय बँकांशी ‘रुपी ड्रॉइंग’चा करार करतात. त्यांचे रुपये इथल्या बँकेत आधीच असतात, तिथून देशातल्या एनईएफटीसारखे तुमच्या खात्यात येतात. म्हणून आयएफएससी आणि खाते क्रमांक पुरतो. या वाटेने सहकारी बँकेतही पैसे पोचतात, कारण शेवटचा टप्पा देशातलाच आहे. भावाच्या स्वतःच्या बचतीसाठी मात्र एनआरई (परदेशातल्या कमाईचं) खातं हवं. एनआरआय झाल्यावर साधं सेव्हिंग तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ (अनिवासी भारतीयाचं इथलं साधं खातं) करावं लागतं.

इकडून पाठवताना खातं यूएईतलं, तिथं आयबॅन आहे. २३ अक्षरं: ‘एई’, दोन तपासणीचे, तीन बँकेचे, सोळा खात्याचे. व्हॉट्सॲपवर फोटो न मागवता त्याच्या बँक ॲपमधून मजकूर कॉपी करून मागवा, म्हणजे शून्य आणि ‘ओ’ची गल्लत होत नाही. एडी बँकेत पॅन आणि ए-२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवायचा अर्ज) लागेल, मर्यादा एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलर.

आणि गावातल्या देवस्थानाला किंवा मंडळाला तिकडून देणगी पाठवायचा विचार असेल तर हा मार्ग वापरू नका. भाऊ भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून देत असेल तर एफसीआरएचा (परदेशी देणगी कायद्याचा) प्रश्न नाही, पण परदेशी नागरिकाचे पैसे घ्यायला संस्थेला एफसीआरए नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं लागतं.

उद्यमबाग_टर्निंग

सर्वांचे आभार. एडी बँकेत खातं उघडायला टाकतो. दोन शेवटचे प्रश्न. पैसे पाठवले असं गिऱ्हाईक म्हणालं आणि आठवडाभर इथं काहीच नाही, तर कागद कुठला मागायचा? आणि इटलीहून इन्सर्ट (कटिंग टूलची पाती) मागवतो त्यांना पैसे पाठवताना आयबॅनची खात्री कशी करायची?

अनगोळ_बँकवाला

पेमेंटची प्रत मागा. जुनी मंडळी ‘एमटी१०३’ म्हणतात, आता नव्या संदेशाची प्रत येईल, पण लोक नाव तेच घेतात. तीत ‘यूईटीआर’ बघा: आडव्या रेघांसकट ३६ अक्षरांचा नंबर. तो शाखेला द्या आणि फॉरेक्स विभागाकडून ट्रेस करायला सांगा. पैसे कुठल्या बँकेत, कशासाठी थांबलेत ते त्यावरून दिसतं. नुसता ‘पेमेंट यशस्वी’चा स्क्रीनशॉट उपयोगाचा नाही. प्रतीत लाभार्थ्याचा खाते क्रमांक तुमच्या चेकबुकाशी एकेक आकडा लावून बघा. चूक असेल तर दुरुस्ती पाठवणाऱ्या बँकेकडूनच जावी लागते, तुमच्या अर्जाने ती होत नाही.

इटलीसाठी: आयबॅन २७ अक्षरी आणि ‘आयटी’ने सुरू. पुरवठादार इटलीचा आणि आयबॅन दुसऱ्याच देशाचा असेल, किंवा ‘आमचं खातं बदललंय’ अशी मेल मध्येच आली असेल, तर पैसे थांबवा आणि जुन्या इन्व्हॉइसवरच्या फोन नंबरवर बोला, त्या मेलमधल्या नंबरवर नाही. पत्ता एका अक्षराने बदललेल्या मेलवरून हे प्रकार होतात. ९७ ची तपासणी इथं वाचवत नाही, भामट्याचा आयबॅनही खराच असतो. युरोपात ऑक्टोबर २०२५ पासून पैसे पाठवण्याआधी नाव आणि आयबॅन जुळतात का ते बँक सांगते, पण ती सोय त्यांच्या आतल्या युरो पेमेंटला आहे. आपल्याकडून स्विफ्टने गेलेल्याला तिच्यावर विसंबू नका. बँकेत रिक्वेस्ट देण्याआधी फोनवर शेवटचे सहा आकडे त्यांच्याकडून वदवून घ्या, तुम्ही वाचून दाखवू नका.